गाभोळीची मादी सोडा, चिलापी सोडू नका

मृगाचे दोन दणके बसले, ओढ्याला लाल पाणी आलं की भाताच्या तरव्याबरोबर आणखी एक काम सुरू होतं. चढणीचे मासे. घाटाखाली वलगण म्हणतात, आपण घाटावर चढणीचे म्हणतो. नदीचा मासा ओढ्यात, ओढ्याचा ओहोळात आणि ओहोळाचा थेट भाताच्या खाचरात चढतो. आणि तो चढायला लागला की मोबाईलवर फोटो सुरू. हातभर मासा, पोट टम्म फुगलेलं, खाली लिहिलेलं, "अर्धा किलो गाभोळी निघाली राव."

या फोटोंसोबत एक ओळ हमखास असते. "बारक्या चिलाप्या लागल्या होत्या, त्या सोडून दिल्या."

माझं म्हणणं एवढंच आहे की हे बरोबर उलटं झालं. सोडायची होती ती गाभोळीवाली. ठेवायच्या होत्या त्या चिलाप्या, बारक्यासुद्धा. लिहितोय ते गळ टाकणाऱ्यांसाठी. ज्यांचं घर जाळ्यावर चालतं त्या भोई-कोळी बांधवांचा हिशोब वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपण शेतकरी रविवारी, नाहीतर पावसानं काम थांबलं की गळ घेऊन बसतो. आपल्याला चार मासे मिळाले काय, न मिळाले काय, चूल पेटायची राहत नाही. म्हणून निवड करायची ऐपत आपल्याकडं आहे.

"मोठा ठेव, बारका सोड" हा नियम आपण लहानपणापासून ऐकलाय. तो अगदीच चुकीचा नाही. समुद्राच्या माशाला सरकारनं असाच नियम केलाय. २०२३ साली चंदेरी पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून बारका धरायचा नाही. त्यामागचा विचार सरळ आहे. प्रत्येक माशानं एकदा तरी अंडी घालावीत, मग तो ताटात यावा.

पण हा नियम फक्त खालची रेघ ओढतो. वरच्या बाजूला काहीच नाही. जितका मोठा तितका चांगला, तो आपलाच. आणि गोड्या पाण्यात गळावर बसणाऱ्याला तर मोठ्याचंच वेड. पाच किलोचा लागला की गावभर मिरवतो.

आता शेतकरी म्हणून विचार करा. शाळू काढायच्या आधी रानातून फिरून भरदार, टपोऱ्या दाण्याची कणसं आपण बाजूला काढायचो. ती भाकरीला नव्हती, बियाण्याला होती. कितीही ओढ असली तरी बियाण्याच्या गाडग्याला घरातली बाई हात लावू द्यायची नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना याच कामासाठी पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. म्हशीचंही तसंच. जिच्या आईला दूध चांगलं ती कालवड की पारडी कोणी खाटकाला देत नाही. एक मासाच असा की त्यातला सगळ्यात उत्तम, सगळ्यात टिकाऊ, सगळ्यात जास्त वर्षं जगलेला जीव आपण पहिला कढईत टाकतो आणि मरतुकडा परत सोडतो. चार-पाच पिढ्या असं केलं तर रानात काय उगवेल हे शेतकऱ्याला सांगायला नको.

थोडा आकड्यांचा हिशोब. रोहूची तयार मादी किलोमागे साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. म्हणजे पाच किलोच्या मादीच्या पोटात दहा लाखांच्या वर ऐवज. कुणी म्हणेल, एक-एक किलोच्या पाच माद्या धरल्या तरी तेवढंच झालं की. कागदावर बरोबर, नदीत नाही. किलोभराच्या माशातले निम्मे तर नरच. माद्या असल्या तरी त्यातल्या कितीजणी पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या. आणि बऱ्याच जातींत मोठी मादी वजनाच्या मानानंही जास्त अंडी देते, तिची अंडी टपोरी असतात, पिल्लू जरा दमदार निघतं. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे ती पाच-सहा उन्हाळे त्या नदीत काढून उरलीय. मळीचं पाणी आलं, पात्र आटलं, बगळे, पाणमांजर, जाळी, सुरुंग, सगळ्यातून वाचली. असलं बियाणं विकत मिळत नाही.

आणि खाण्याच्या बाजूनं बघितलं तरी तोटा नाही. मोठ्या माशाचं मांस राठ लागतं हे खाणारे जाणतात. कालवणाला, तळायला अर्धा ते दीड किलोचा मासा सगळ्यात गोड. म्हणजे मधला ठेवा. अगदी बारका सोडा आणि अगदी मोठाही सोडा.

इथपर्यंत सोपं आहे. पण हा नियम डोळे झाकून सगळीकडं लावला तर फसगत होते. कारण खरा प्रश्न आकाराचा नाहीच. मासा हातात आला की पहिलं विचारायचं ते हे, की हा इथं विणतो का?

पाझर तलावातला कटला घ्या. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, अंड्यावरही येतात, पण तिथं विणत नाहीत. म्हणून तर बोटुकली विकत आणावी लागते. १९५७ सालच्या जुलैत ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी या माशांना पियुषिका ग्रंथीचं इंजेक्शन देऊन पहिल्यांदा अंडी घालायला लावली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्याचाच. त्याआधी बंगाल-बिहारकडं नदीच्या पुरातून जिरे गाळून आणावे लागायचे.

मग अशा तळ्यात तुम्ही सात किलोची कटल्याची मादी धरली आणि मोठ्या मनानं सोडून दिली तर काय झालं? तुम्हाला बरं वाटलं. तळ्याला काही फायदा नाही. तिची अंडी पोटातच जिरणार. शेततळ्यातही तेच. तिथं मोठा मासा निवांत काढा, उलट तो काढला तर बोटुकलीला खाद्य उरतं. फक्त एक लक्षात ठेवा, पाझर तलावातला मासा फुकटचा नसतो. कुठल्यातरी मच्छीमार संस्थेनं तलाव ठेक्यानं घेतलेला असतो, बोटुकली त्यांच्या पैशाची असते. गळ टाकण्याआधी विचारलेलं बरं. नाहीतर तुमच्या उसाचं कांडं कुणी मोडलं तर तुम्हाला काय वाटतं ते आठवा.

नदीत मात्र गोष्ट बदलते. ओढ्या-नद्यांतले जे आपले मूळचे मासे आहेत, त्यांची बोटुकली कुठलं सरकार सोडत नाही. त्यांचं बियाणं तेच आहे जे पाण्यात आहे. यातला थोरला म्हणजे महाशीर, जुनी माणसं खडशी म्हणतात. याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या पूर्वेकडं मुळा-मुठेतल्या माशावरून ते दिलं. म्हणजे हा आपल्या मातीतलाच मासा, नावसुद्धा इथलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून याचं बीज तयार करतात. कारण हा कटल्यासारखा लाखांनी वाढणारा जीव नाही. किलोमागे काही हजार अंडी, तीही स्वच्छ, थंड, गोट्यांच्या पात्रात. वाढतोही हळू. असा मासा गळाला लागला तर माझं मत एकच, बारका असो, मधला असो, थोरला असो, सोडा. इथं मधला ठेवा हा नियमही लावू नका.

याच महाशीरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपला खुद्री कर्नाटकात कावेरीत नेऊन सोडला गेला, तिथं तो इतका माजला की कावेरीचा स्वतःचा केशरी शेपटाचा महाशीर संपत आलाय. तिथला माणूस खुद्री ठेवून घेतो आणि आपला सोडतो, ते बरोबरच आहे. मासा देशी की परका हे माशावर ठरत नाही, नदीवर ठरतं. कटला-रोहूही मुळात गंगेकडचे, आपल्याकडं बोटुकलीच्या रूपानं आले. ते आता इतके मुरलेत की कुणाला परके वाटत नाहीत. त्याचं मी फार मनावर घेत नाही.

मरळीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथं गळवाल्याच्या हातून सगळ्यात मोठं नुकसान होतं. मरळ पिल्लं राखते. काठालगत गवतात, पाणवनस्पतीत जागा करून अंडी घालते. पिल्लं निघाली की त्यांचा तांबूस-केशरी थवा पाण्याच्या वरच्या थरात उकळी आल्यासारखा हलताना दिसतो, आणि खाली नर-मादी पहारा देत असतात. जवळून बेडूक जाऊ दे, साप जाऊ दे, अंगावर धावतात. गळवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. थव्याच्या बाजूला रबरी बेडूक टाकला की मरळ हमखास झेपावते. लोक म्हणतात, काय भुकेली होती बघा. भुकेली नव्हती, ती पोरं राखत होती. तिला वर काढली की खालचा थवा चिलापी, कटरणा, जो येईल तो संपवतो. एक मरळ ताटात आली, तिच्याबरोबर शेकडो गेल्या.

म्हणून थवा दिसला की तिथं गळ टाकायचाच नाही. चुकून लागली तर तिथल्या तिथं सोडायची, पन्नास पावलं पुढं जाऊन नाही, थव्याशेजारीच. आणि मरळ सोडण्यासारखा दुसरा मासा नाही. ती वरची हवा घेते, त्यामुळं कटल्यासारखी दोन मिनिटांत गळपटत नाही. थवा नसताना, हिवाळ्यात, किलोभराची मरळ लागली तर खुशाल न्या. बाजारात तिला भाव आहे, बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात, मलाही आवडते. खायचीच नाही असं मी म्हणत नाहीये.

शिंगाड्याचंही थोडं असंच आहे. तो तळाशी खड्डा करून अंडी घालतो आणि राखतो. पण तो खोल पाण्यात, आपल्याला दिसत नाही. पावसाळ्यात मोठा शिंगाडा लागला तर सोडावा असं मी म्हणतो, बाकीच्या दिवसांत ज्याची त्याची मर्जी. सोडताना काट्यापासून जपा, हात फुटतो.

आता चिलापी. तिलापिया म्हणा. १९५२ साली भारतात आली. उजनीचं पाणी माहीत असलेल्यांना तिचं काय झालं ते सांगायला नको. भिगवणला लोक तळलेली चिलापी खायला लांबून येतात, चवीला वाईट नाही, हजारो घरं त्यावर चालतात. पण तिचा स्वभाव गाजरगवताचा. दोन-तीन महिन्यांची झाली की अंड्यावर येते. वर्षातून अनेकदा विणते. अंडी आणि पिल्लं मादी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळं दुसऱ्याच्या पोटात फारशी जात नाहीत. तिला पुराचं पाणी लागत नाही, चढण लागत नाही, डबकं चालतं. आणि गर्दी झाली की वाढ खुंटते, बोटाएवढीच राहून विणत राहते. तुम्ही "बारकी आहे" म्हणून सोडली ती कदाचित दोन वेळा विऊन मोकळी झालेली असते. तिला आकाराचा नियम लागूच नाही. लागली की ठेवायची, परत पाण्यात नाही. दुसऱ्या नदीत, विहिरीत, शेततळ्यात गंमत म्हणून टाकायची तर अजिबात नाही.

आफ्रिकन मांगूर, ज्याला थाई मांगूरही म्हणतात, त्याच्यावर तर केंद्रानं २००० सालीच बंदी घातलीय. तरी काही ठिकाणी चोरून पाळतात, तळं फुटलं किंवा पूर आला की नदीत येतो आणि दिसेल ते खातो. आपला देशी मांगूर लहानखुरा, अर्ध्या किलोच्या आतबाहेर. दोन-तीन किलोचा मिशीवाला लागला, डोकं फावड्यासारखं चपटं, तर तो आपला नव्हे. तो पाण्यात परत जाता कामा नये. पुण्य मिळतं म्हणून कुणी बाजारातून असले मासे विकत घेऊन घाटावर सोडतं, त्यांना कुणीतरी हात जोडून सांगायला पाहिजे.

आणि तो सकर. काचेच्या पेटीतला शोभेचा मासा, कुणीतरी नदीत ओतला, आता भोयांची जाळी फाडतोय. अंगावर चिलखतासारखे खवले, खायला कुणी घेत नाही. मग लोक एकतर परत फेकतात नाहीतर काठावर कुजायला टाकतात. दोन्ही करू नका, शेतकरी आहात. डब्यात तुकडे करून, तेवढाच गूळ घालून, झाकण सैल ठेवून सावलीत तीन-चार आठवडे ठेवा. फिश अमिनो तयार. पंधरा लिटरच्या पंपाला तीस-चाळीस मिली. बारक्या चिलापीचंही करा. दुकानातून बाटली आणण्यापेक्षा बरं. वास येतो, तेवढा सोसा, आणि डबा घरापासून लांब ठेवा म्हणजे घरातल्यांचं ऐकावं लागणार नाही.

आता वेळेचं. मला वाटतं कोणता मासा याच्याइतकंच कधी याला महत्त्व आहे, आणि इथं आपल्या रीतीभातींची जरा गल्लत झालीय.

आपल्याकडं म्हणतात, श्रावण पाळतो ना, मग माशांना विश्रांती मिळतेच की. समुद्राकडं १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला होड्या निघतात, तिथं सगळं जमून येतं. ओढ्या-नदीचा मासा मात्र श्रावणाची वाट बघत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या पुराला चढतो, ज्येष्ठ-आषाढात. आणि आपण नेमके तेव्हा काय करतो? मृग निघाला की मासे खायचे. आषाढ संपता संपता गटारी. म्हणजे अंड्यावर आलेल्या माशावर दोन्ही बाजूंनी आडवा हात मारून झाला की मग आपण श्रावण पाळतो. तोवर जे वाचले त्यांची अंडी घालून झालेली असतात. उपास चांगलाच आहे, पण माशाच्या उपयोगी पडायचा तर तो महिनाभर आधी पाहिजे होता.

मी काही मृगाचा मासा खाऊ नका म्हणणारा नाही. तळ्यातला कटला आणा, चिलापी आणा, त्यांना मृगाशी देणंघेणं नाही. पण चढणीचा मासा पहिल्या दोन पुरांत सोडावा. ओळखायला अवघड नाही. पोट मऊ आणि फुगलेलं, मागच्या छिद्राशी लाली, हलकं दाबलं तर अंडी नाहीतर दुधासारखं पांढरं पाणी येतं. मादी असो वा नर, दोघंही कामावर निघालेत.

बंधाऱ्याखाली तर त्या पंधरवड्यात गळच काढू नये. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढतात तेव्हा मासा निघून जातो. पण जिथं पक्की भिंत आहे तिथं तो खाली अडतो, उड्या मारतो, परत पडतो. शेकडो एका जागी. तिथं गळ टाकून मासा काढण्यात कसलं आलंय कसब? बाजारपेठेच्या दिवशी एसटीच्या दारात उभं राहून खिसे कापण्यासारखं ते आहे.

खाचरात चढलेल्या माशाचं तर आपल्याच हातात आहे. तो अंडी घालून उतरतो, पिल्लं पाण्याबरोबर ओढ्याला लागतात. बांधाच्या मोरीला एकानं टोपली लावली की त्या वावरातलं सगळं गेलं. आणि लावणीनंतर दाणेदार औषध फेकून लगेच पाणी सोडलं की खालचंही गेलं. कृषी सहायकांनी याबद्दलही गावात दोन शब्द सांगितले तर बरं होईल, फक्त खोडकिडीचं सांगतात.

दुसरी नाजूक वेळ म्हणजे एप्रिल-मे. नदी तुटते, डोह उरतात. मैलभराच्या पात्रातले सगळे मोठे मासे एका डोहात. तेव्हा गळ टाकला तर भरभर लागतात, कारण त्यांना जायला जागा नाही, खायलाही काही नाही. लोक खूश होतात. पण पुढच्या जूनमध्ये जे चढणार आहे ते हेच. जुन्या लोकांनी काही डोह देवाच्या नावानं राखले ते यासाठीच असावं असं मला वाटतं. महाडकडं वाळणकोंडीला, वाड्याजवळ तिळश्याला वैतरणेवर आजही लोक महाशीरना खाऊ घालतात, धरत नाहीत. तिथं ना गार्ड आहे ना दंड. प्रत्येक गावाला देऊळ बांधायची गरज नाही, पण ग्रामसभेत एक डोह राखायचा ठराव करायला काय हरकत आहे? मार्च ते जुलै त्या डोहात गळ नाही, जाळं नाही. बाकी नदी मोकळी.

सोडायचा म्हणजे कसा सोडायचा, हेही सांगतो, कारण बरेच जण सोडतात म्हणजे फेकतात. काठावरच्या तापलेल्या दगडावर, कोरड्या वाळूत मासा आपटला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग त्याला बुरशी धरते आणि आठवड्यानं मरतो. तुम्हाला वाटतं जगला. हात ओले करा. शक्यतो पाण्यातच गळ काढा. कल्ल्यात बोटं घालू नका. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून ठेवला तर गळ सहज निघतो, एखादा मासा निसटेल, निसटू द्या. गळ गिळला असेल तर ओढाओढ न करता दोर तोंडाजवळ कापा. तोंड प्रवाहाकडं करून दोन्ही हातांत धरा, तो स्वतः शेपूट मारून निघाला की सोडा. आणि कल्ल्यातून रक्त वाहत असेल तर मात्र तो सोडायचा मासा नाही, घरी न्यायचा. मग तो महाशीर असला तरी. मरणार आहे हे दिसत असताना पाण्यात ढकलून हात झटकणं मला पटत नाही.

अळकुटासारखा बारीक चंदेरी मासा हातात घेताच मरतो. तो सोडून काही होत नाही. वाटीभर झाले की तळा आणि गळ गुंडाळा. गुंडाळा यासाठी म्हणतो की नुसतं धरायचं-सोडायचं हा खेळ मला रुचत नाही. शहरातून गाड्या घेऊन येतात, महागाच्या काठ्या, दिवसात तीस मासे धरून फोटो काढून सोडतात आणि आम्ही निसर्गप्रेमी म्हणतात. तीसातले काही मरतातच, मे महिन्याच्या कोमट पाण्यात तर जास्तच. खायला चार पुरेत, चार झाले की उठावं. चार मिळेपर्यंत जे सोडायचे ते सोडले, ठीक आहे.

एक आक्षेप मला पाठ आहे. "आम्ही दोन मासे सोडून काय होणार? वर कारखान्याची मळी येते, पलीकडं सुरुंग लावतात, इन्व्हर्टरचा करंट सोडतात, ब्लीचिंग ओततात." खरं आहे. सुरुंग आणि विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि तरी चालतं. एका सुरुंगात जेवढं मरतं तेवढं मी जन्मभर गळानं धरणार नाही. पण शेजाऱ्यानं रानाला काडी लावली म्हणून आपण आपलं बियाणं दळून खात नाही. आणि व्यवहाराचं बघा, जो गळवाला नदीवर नेहमी बसतो, कोणती मरळ कुठं पिल्लं राखतेय हे ज्याला ठाऊक असतं, तोच सुरुंगवाल्याला पहिला आडवा जातो. मी तरी असंच बघितलंय.

वामीबद्दल मात्र आमच्या भोई आळीतल्या जाणत्या काकांचं आणि माझं जमत नाही. मी म्हणतो, दोन हात लांब वाम लागली तर सोडावी, मोठं बियाणं आहे. ते म्हणतात, "अरे, वाम गळ गिळतेच, सोडलीस तरी मरणार. लांब वाम नको असेल तर रात्रीचा गांडूळ लावूच नको." गेल्या पावसाळ्यापासून हा वाद चालू आहे. गळ जरा मोठा लावला तर ती गिळत नाही, ओठाला लागते, असं मला वाटतंय. यंदा पाणी निवळलं की दोघं मिळून वेगवेगळ्या मापाचे गळ लावून बघणार आहोत. काय होतं ते इथं लिहीन.